मामाला काय झालं होतं?

भूलशास्त्रात दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट असताना माझं अपेंडिक्स काढलं. आमच्याच थिएटरमध्ये, आमच्याच टेबलावर, आणि भूल द्यायला माझीच बॅचमेट. ऑपरेशनचं फारसं काही वाटलं नाही, रात्री टाके ओढले एवढंच. पण सकाळी उठायला गेले तर मान उचलेना. खांदे, बरगड्या, पाठ, मांड्या. रात्रभर कुणीतरी मुसळानं कांडावं तसं अंग झालेलं. जखम उजव्या कुशीत आणि दुखत होतं सगळीकडे. राउंडला सर आले, त्यांना म्हटलं, "सर, ताप येणार बहुतेक. अंग मोडून आलंय." सर हसले. "ताप कसला? स्कोलिन आहे ते. आता पेशंट सांगेल तेव्हा खोटं वाटणार नाही तुला."

तोवर शंभरेक लोकांना तरी मी स्कोलिन दिलेलं होतं. त्यातले कितीतरी दुसऱ्या दिवशी "मान धरलीय" म्हणायचे आणि मी "उशी बदला" असं सांगून पुढच्या कॉटकडे जायचे.

स्कोलिन हे खरं तर एका कंपनीचं नाव. औषध सक्सिनिलकोलीन. पण वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं आमच्या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी स्कोलिनच. भूल देताना पेशंट झोपला की श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्यासाठी जबडा, घसा, स्वरयंत्राचे पडदे सैल पडायला हवेत. स्कोलिन ते काम मिनिटभरात करतं आणि पाच-सात मिनिटांत उतरतं. इतक्या झटपट येऊन इतक्या झटपट जाणारं दुसरं औषध नाही, म्हणून सत्तर वर्षं झाली तरी ते आमच्या ट्रेमधून गेलेलं नाही.

शिरेत गेलं की अर्ध्या मिनिटात पापण्या फडफडतात. मग गाल, मग मान, मग छातीवरून पोटाकडे आणि तिथून पायांच्या बोटांपर्यंत एक थरथर उतरत जाते. कातडीखाली भात रटरटतोय असं दिसतं. मग सगळं गप्प. बोटं हलायची थांबली की लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघायचं अवजार, हातात घ्यायचा, हे आम्ही पहिल्या महिन्यात शिकतो. ही थरथर म्हणजे पेशंटच्या प्रत्येक स्नायूला बसलेला झटका आहे, हे मला अपेंडिक्स गेल्यावर कळलं.

असं का होतं, ते थोडं सांगते. मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपाशी येतो तेव्हा नसेचं टोक ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतं. ते स्नायूच्या दारावरची बेल दाबतं, स्नायू आकसतो, आणि ॲसिटिलकोलीन लगेच मोडून जातं. क्युरारे, म्हणजे बाणाला लावायचं जुनं वनस्पतीविष, त्याच्या जातीची औषधं दारात नुसती आडवी उभी राहतात. बेलपर्यंत कुणाला पोचूच देत नाहीत, त्यामुळे स्नायू निमूट सैल पडतो. स्कोलिनची रीत वेगळी. ॲसिटिलकोलीनचेच दोन रेणू एकमेकांना जोडले की स्कोलिन होतं. ते बेल दाबतं आणि बोट काढतच नाही. स्नायू आधी दचकतो, एकेक धागा आपापल्या तालात आकसतो, आणि बेल थांबत नाही म्हटल्यावर दाद देणंच सोडतो. आम्हाला हवी असते ती शेवटची अवस्था. दचकणं हे तिच्यासोबत फुकट येतं.

या औषधाची एक गंमत आहे. १९०६ साली हंट आणि टॅव्हो या दोघांनी अमेरिकेत ते जनावरांना देऊन पाहिलं होतं, पण त्यांचं लक्ष रक्तदाबाकडे. जनावरं हलू नयेत म्हणून त्यांना आधीच क्युरारे दिलेलं, त्यामुळे समोरचा प्राणी आणखी लुळा झाला हे दिसायची सोयच नव्हती. पुढची चाळीसेक वर्षं ते तसंच पडून राहिलं. १९४९ मध्ये डॅनिएल बोव्हे यांनी त्याचा स्नायूंवरचा परिणाम दाखवला आणि १९५१ पासून ते माणसांना द्यायला सुरुवात झाली. तीन वर्षांत अंगदुखीचा बोभाटा झालाच. ऑपरेशन होऊन त्याच दिवशी चालत घरी गेलेले लोक दुसऱ्या दिवशी कण्हत परत येत होते. पडून राहिलेल्यांना त्रास कमी आणि हिंडणाऱ्यांना जास्त, हे तेव्हापासूनचं निरीक्षण आहे.

तेव्हापासून त्यावर उपाय शोधणं हा भूलतज्ज्ञांचा आवडता उद्योग. स्कोलिनआधी तीन मिनिटं क्युरारेच्या जातीच्या औषधाचा चिमूटभर डोस द्यायचा, म्हणजे काही दारं आधीच अडलेली राहतात. किंवा स्कोलिनचाच इवलासा डोस आधी द्यायचा. लिग्नोकेन हे बधिर करायचं औषध द्यायचं. डायझेपाम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲस्पिरिन, अगदी क जीवनसत्त्वसुद्धा लोकांनी देऊन पाहिलं. २००५ मध्ये बावन्न चाचण्या एकत्र करून कुणीतरी हिशोब मांडला, तेव्हा काहीच न दिलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचं अंग दुसऱ्या दिवशी दुखत होतं. लिग्नोकेनचा आणि साध्या वेदनाशामकांचा उपयोग होतो असं निघालं. चिमूटभर डोसाचाही होतो, पण तो हात जरा सैल सोडून दिला तर पेशंट जागेपणीच "डोळे उघडत नाहीत, गिळता येत नाही, दोन-दोन दिसतंय" म्हणून घाबरतो. आणखी एक निघालं, ते मला भारी आवडलं: स्कोलिनचा डोस कमी दिला तर दुखणं जास्त आणि भरपूर दिला तर कमी. काटकसर करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या तोंडावर चांगलीच चपराक. थरथर जास्त म्हणजे दुखणं जास्त, असंही सरळ गणित नाही.

हे सगळं मोठ्या माणसांचं. मोठं माणूस दुखलं की सांगतं.

चार वर्षांखालच्या मुलाला स्कोलिन दिलं की बहुधा थरथर दिसतच नाही. किलोमागे मोठ्या माणसापेक्षा जास्त डोस द्यावा लागतो, नाडी मंदावते म्हणून ॲट्रोपिन हाताशी ठेवावं लागतं, पण अंगावर लहर उठत नाही; मूल नुसतं मऊ पडतं. दुसऱ्या दिवशी ते कुरकुरतं, आईच्या कडेवरून उतरत नाही, मान एका बाजूला धरून बसतं. आपण म्हणतो जखम दुखतेय, भूक लागलीय, दवाखान्याला कंटाळलंय. "खांदे भरून आलेत" असं सांगायला त्याच्याकडे शब्द कुठून येणार?

आणि जे दिसत नाही ते नसतं, असंही नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच काही डॉक्टरांनी स्कोलिनच्या एकाच डोसनंतर मुलांचं रक्त तपासलं होतं. त्यात मायोग्लोबिन सापडलं. मायोग्लोबिन म्हणजे स्नायूंना लाल रंग देणारं प्रथिन. त्याची जागा स्नायूच्या आत. ते रक्तात आलं म्हणजे स्नायूची भिंत कुठेतरी फाटली. मोठ्यांमध्ये हे क्वचित दिसलं, मुलांमध्ये बऱ्याच जणांत. म्हणजे थरथरणारा मोठा माणूस वरवर हादरत होता आणि शांत पडलेलं मूल आतून झिरपत होतं. हॅलोथेन हा भुलीचा वायू हुंगवून वर स्कोलिन दिलं तर जास्तच. आधी चिमूटभर क्युरारे-जातीचं औषध दिलं की झिरपणं कमी व्हायचं. मी शिकले त्या काळात आमच्याकडे मुलांना झोपवायला हॅलोथेनच होतं. तिरळेपणाच्या ऑपरेशनला आलेल्या एका मुलीचा जबडा स्कोलिननंतर सैल पडायच्या ऐवजी असा आवळला की माझं बोट दातांमध्ये शिरेना. दोनेक मिनिटांत सुटला. त्या दोन मिनिटांत आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी हॅलोथेनचं बटण बंद केलं, ऑक्सिजन पूर्ण सोडला आणि काही न बोलता त्या मुलीच्या काखेत हात घालून बघत राहिल्या, अंग तापतंय का.

त्या अशा का बघत होत्या ते नंतर कळलं. १९६० साली मेलबर्नमध्ये पाय मोडून आलेल्या एका तरुणानं डॉक्टरांना सांगितलं होतं की मला पायाची काळजी नाही, भुलीची आहे. त्याच्या घराण्यातले दहा जण भुलीत गेले होते. डेन्बरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी ते ऐकलं, मनावर घेतलं आणि छापलं. त्यातून मॅलिग्नंट हायपरथर्मियाची ओळख झाली: काही घराण्यांत स्नायूच्या आतला कॅल्शियमचा झडप-दरवाजा जन्मतः सैल असतो, हॅलोथेनसारखा वायू किंवा स्कोलिन मिळालं की तो उघडा राहतो, स्नायू आकसतच राहतात आणि माणूस आतून पेटतो. त्यावरचं औषध डॅन्ट्रोलिन. ते वर्षानुवर्षं आपल्याकडे सहज मिळत नव्हतं. एका कुपीत २० मिलिग्रॅम, आणि ती विरघळवायला ६० मिलीलिटर पाणी. वीस किलोच्या मुलाला पहिल्याच दमात अडीच कुप्या. तालुक्याच्या गावात रात्री अकरा वाजता हे कुठून आणायचं, याचा विचार केला की एकच मार्ग उरतो. ते होऊच द्यायचं नाही. म्हणून विचारायचं: घरात कुणाला कधी भुलीत काही झालं होतं का?

विचारणं हा आमच्या कामाचा निम्मा भाग आहे, आणि लोकांना तोच फालतू वाटतो. मी आणखी एक प्रश्न विचारते: पेशंट आर्य वैश्य समाजातला आहे का? स्कोलिन मोडून टाकणारं एन्झाइम या समाजात इतरांपेक्षा कितीतरी जास्त जणांत जवळजवळ नसतंच; मग पाच मिनिटांचं औषध कित्येक तास उतरत नाही आणि तोवर माणूस व्हेंटिलेटरवर. आडनाव विचारून मग समाज विचारला की लोकांच्या कपाळाला आठी पडते. मी आता सरळ सांगूनच टाकते, "जात नाही विचारत, औषध कुठलं द्यायचं ते ठरवतेय."

पण ज्या प्रश्नासाठी मी हे लिहायला बसले, तो मामाचा.

आमच्या मॅडमना एक सवय होती. लहान मुलाला तपासायला वॉर्डात गेल्या की त्याला कॉटवरून खाली उतरवायच्या, फरशीवर फतकल मारून बसवायच्या, काहीतरी गप्पा मारायच्या आणि जरा लांब गेल्या की त्यांच्या हातातून पेन पडायचं. "दे रे बाळा उचलून." पहिल्या महिन्यात मला वाटायचं मॅडमच्या हातात जोर नाही. एकदा मी पेन चटकन उचलून दिलं तर डोळे वटारून बघितलं माझ्याकडे.

मूल फरशीवरून उठतं कसं, ते त्यांना बघायचं असायचं.

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा मुलग्यांचा आजार. ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला. स्नायूच्या भिंतीला आतून टेकू देणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन त्यांच्यात बनत नाही. जन्मतः काही कळत नाही. जरा उशिरा चालतात, दीड वर्ष उलटल्यावर. लोक म्हणतात मुलगे उशिराच चालतात. सारखे पडतात; लोक म्हणतात व्रात्य आहे. चार-पाच वर्षांचे होईपर्यंत निदान होत नाही, आणि नेमकं तेच टॉन्सिल, हर्निया, कानाच्या ऑपरेशनांचं वय. अशा मुलाला स्कोलिन दिलं तर आधीच ठिसूळ असलेल्या भिंती एकदम फुटतात आणि आतलं पोटॅशियम रक्तात लोटतं. साध्या माणसात स्कोलिननं पोटॅशियम अर्ध्या एककानं वाढतं, काही बिघडत नाही. इथं ते इतकं चढतं की हृदय थांबतं. टेबलावर, काही मिनिटांत, पाच मिनिटांपूर्वी खेळत असलेलं मूल. त्यावेळी हाताशी कॅल्शियम लागतं. "ॲलर्जी असेल" म्हणून दुसरं काही शोधत बसलं तर वेळ जातो. चिमूटभर डोसाचा युक्तिवादही इथं चालत नाही. त्याचा भरवसा नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशा मुलांच्या नोंदी एकामागून एक पुढे आल्या. औषधाच्या पत्रकावर आधी मुलांना देऊच नका अशी सूचना आली. भूलतज्ज्ञांनी आरडाओरडा केला की अडीनडीला दुसरं आहे काय? मग ती चौकटीतली ठळक ताकीद झाली: मुलांमध्ये घाईचा, जिवावरचा प्रसंग असेल तरच. मला विचाराल तर ताकीद बरोबर आणि आरडाओरडाही बरोबर.

माझ्यापुरती ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी बार्शीत राहते आणि आसपासच्या गावांतल्या छोट्या हॉस्पिटलांत बोलावतील तिथं जाऊन भूल देते. आमच्यासारख्यांची बॅग म्हणजे फिरता संसार. त्यात एक थर्मास, बर्फाच्या पिशव्या घातलेला, कारण स्कोलिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे बेचाळीस असतं आणि लोडशेडिंगमध्ये कुठल्या हॉस्पिटलच्या फ्रिजवर विसंबायचं? गरम झालेलं स्कोलिन पातळ चहासारखं, दिल्याचं समाधान फक्त.

त्या दिवशी लिस्टवर तीन टॉन्सिल होते. दुसरा मुलगा साडेपाच वर्षांचा, सतरा किलो. आजी त्याला सोन्या म्हणत होती, आपणही तसंच म्हणू. सोन्या फरशीवर बसून सलाईनच्या खोक्याची गाडी ढकलत होता. आई फाइल घेऊन उभी. आजी, म्हणजे आईची आई, कॉटच्या कडेला.

"उशिरा चाललाय का हो हा?" मी विचारलं.

"पावणेदोन वर्षांचा होता," आई म्हणाली. "पण नंतर काही नाही. पडतो फक्त सारखा. धडपड्या आहे."

"लेकराच्या पोटऱ्या बघा की डॉक्टरीणबाई," आजी कौतुकानं म्हणाल्या. "पैलवानाच्या हायत. कशा घट्ट."

मी बघितल्या. सडपातळ मांड्या आणि त्याखाली टरटरून भरलेल्या पोटऱ्या. माझं पेन आपोआप खाली पडलं. मुद्दाम पाडलं असं नाही म्हणता येणार.

"सोन्या, देतोस?"

तो आधी पालथा वळला. मग गुडघ्यांवर आला. दोन्ही तळवे फरशीवर टेकून ढुंगण वर केलं. मग एक हात नडगीवर, दुसरा गुडघ्यावर, पहिला मांडीवर. आपल्याच पायांवरून आपणच चढत वर आला आणि हसत पेन पुढे केलं. लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये हे उठणं लिहून ठेवलं आहे. पुस्तकात चित्र असतं. चित्रातली मुलं हसत नाहीत.

"याला मामा आहे का?" मी विचारलं.

हा आजार आईकडून मुलग्याकडे येतो. आईला स्वतःला बहुधा काही नसतं, पण तिच्या भावाला असू शकतं. मराठी घरात बारशापासून मुंजीपर्यंत मामाशिवाय पान हलत नाही, त्यामुळे मामाची चौकशी कुणाला खटकत नाही. साधारण तीनातल्या एका मुलाला मात्र हा दोष नव्यानंच आलेला असतो. तिथं मामा धडधाकट असतो आणि हा प्रश्न हुकतो. म्हणून पेनही लागतं.

आई फाइलकडे बघत होती. आजी म्हणाल्या, "व्हता."

मग थांबून, "आठव्या-नवव्या वर्षी पायातनं वारं गेलं त्याच्या. पोलिओ म्हनले. सोलापूरला नेला, मिरजंला नेला. पाठुंगळीवर साळंत न्यायचे मी. येकोणीस वर्साचा व्हऊन गेला."

"दादा लहानपणी असाच उठायचा," आई हळूच म्हणाली. तिनं हे आत्ताच, या क्षणी जोडलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

आत थिएटरमध्ये माझ्या ट्रेवर सिरिंजा भरलेल्या होत्या. लेबल लावलेली स्कोलिनची सिरिंज त्यात होती. पहिल्या मुलाच्या वेळी भरलेली. तिथून ती सोन्याच्या शिरेपर्यंत यायला वीस मिनिटं लागली असती.

सर्जनना जाऊन सांगितलं की ही केस आज नको. ते वैतागले; त्यांच्या जागी मीही वैतागले असते. "मॅडम, टॉन्सिल आहेत फक्त. स्कोलिन नका देऊ, दुसरं द्या काहीतरी." मुद्दा अगदीच चूक नव्हता. पण अशा मुलाला हॅलोथेन, सेव्होफ्लुरेनसारखे वायूसुद्धा चालत नाहीत, त्यांनीही स्नायू फुटतात. हृदयाची तपासणी झालेली नाही. स्नायू सैल करणाऱ्या दुसऱ्या औषधांचा अंमलही अशा स्नायूंवर कितीतरी लांबतो. आणि हे सगळं दोन खाटांच्या रिकव्हरीत? सीपीके तपासायला रक्त पाठवलं. हे स्नायूतलं एन्झाइम, दोनशेच्या आत असतं. संध्याकाळी लॅबवाल्याचा फोन आला. "मॅडम, काहीतरी चुकतंय. डायल्यूट करून परत लावलं. चौदा हजार येतंय." मी म्हटलं, "चुकत नाहीये."

निदान पक्कं झालं ते पुण्यात, जनुकीय तपासणीनंतर. तिथल्या मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आई-वडिलांना समोर बसवून सगळं सांगितलं. ते काम माझ्या अंगावर आलं नाही याचं मला बरं वाटलं, हे लपवत नाही. टॉन्सिलही तिथंच निघाले. फक्त शिरेतून प्रोपोफॉलच्या धारेवर झोपवून, वायू न देता, स्कोलिन न देता.

त्यानंतर मी स्कोलिन मुलांमध्ये ठरवून वापरायचं जवळजवळ सोडलं. नळी घालायला रोक्युरोनियम, क्युरारेच्या जातीचं. तेही थर्मासमध्येच राहतं, पण थरथर नाही, पोटॅशियम नाही, दुसऱ्या दिवशीची अंगदुखी नाही. मात्र त्याची दुसरी गोम आहे: ते उतरवावं लागतं. उतरलंय असं वाटावं आणि पुरतं उतरलेलं नसावं, हा या जातीच्या औषधांचा स्नायूंवरचा दुष्परिणाम, आणि तो स्कोलिनच्या दुखण्याइतका चर्चेत नसतो. मोठ्या माणसाला आपण म्हणतो, "मान उचला, पाच सेकंद धरून ठेवा." चार महिन्यांच्या बाळाला काय सांगणार? आणि बाळाचा श्वासपटल लवकर दमतो. त्याच्यात दमदार धाग्यांचं प्रमाणच कमी असतं.

मनगटावर विजेचे चार हलके टोले देऊन शेवटचा पहिल्याच्या किती टक्के जोरानं उमटतो ते मोजणारं यंत्र असतं. नव्वद टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय नळी काढू नये. ते माझ्याकडे आहे, मी जाते त्या बऱ्याच ठिकाणी नाही. पण यंत्र असो नसो, मी बाळाचे पाय बघते. अंमल उतरवायचं निओस्टिग्मिन दिलं, वाट पाहिली, आणि बाळानं दोन्ही गुडघे पोटाशी ओढून धरले की काढते. ओढून सोडून दिले तर नाही. धरले पाहिजेत. परवाच हर्नियाच्या एका बाळानं असे पाय दुमडले, कपाळाला आठ्या घातल्या आणि नळीभोवती तोंड वेडंवाकडं करून मला शिव्या दिल्या. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, चिडलंय." मी म्हटलं, "चिडू दे."

आता सुगामाडेक्स आलंय. हे औषध रोक्युरोनियमच्या रेणूला डबीत झाकण लावून ठेवावं तसं बंद करून टाकतं, मिनिटा-दोन मिनिटांत अंमल साफ. सुरुवातीला किंमत ऐकून हॉस्पिटलवाले म्हणायचे, मॅडम, एवढ्यात तर अख्खं ऑपरेशन होतं. आता जरा आवाक्यात आलंय. मी एक कुपी कायम बॅगेत ठेवते, स्वतःच्या पैशानं.

स्कोलिनही ठेवते. कारण एखाद्या रात्री मुलाचे स्वरपडदे भुलीतून उठताना गच्च मिटतात, मास्क दाबून धरला, प्रोपोफॉल दिलं तरी हवा जात नाही, ओठ निळे व्हायला लागतात. शीर निसटली असेल तर मांडीत टोचता येतं. तेव्हा पेन आणि मामा सगळं विसरून ती कुपी लागते, आणि ती गरम झालेली चालत नाही. रोज सकाळी मी थर्मासमधल्या बर्फाच्या पिशव्या बदलते.

सोन्याच्या आईचा दिवाळीत फोन यायचा. शाळा, फिजिओ, स्टिरॉइडच्या गोळ्यांनी सुजलेले गाल. तिसऱ्या वर्षी जूनमध्येच आला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेलेत. तिसरा महिना. आई म्हणते, तिला कशाला आत्ता घाबरवायचं. सांगू का?"

मागून आजींचा आवाज येत होता, कुणाला तरी पाणी द्यायला सांगत होत्या.

"आज सांगा," मी म्हटलं. "आणि तिला फोन द्या माझ्याकडे. नंबर लिहून घेताय का, पुण्याचा?"

"थांबा," ती म्हणाली, "पेन घेते."